पोटातून येणारा सूर

देऊळघाटात रेणुकाचा आवाज ओळखायला माईक लागत नसे. कोणाच्या बाळाचं नामकरण असो, नव्या घराची पूजा असो की विहारातला कार्यक्रम, तिच्या महिला गायन मंडळानं सूर धरला की वेशीवरच्या घरापर्यंत कळायचं, रेणुका गाऊन राह्यली. गरोदरपणाचा सातवा महिना लागला तरी ती गातच होती. जानेवारीत दिवस भरले, पण बाळ आडवं होतं. बुलढाण्याच्या दवाखान्यात सिझेरियन करावं लागलं. पोरगी झाली. तीन किलोची, आणि डोकं भरून काळेभोर केस.

सहाव्या दिवशी सगळे घरी आले. रेणुकाचा नवरा अश्वजित घरोघरी लाईट फिटिंगची कामं करतो आणि जिथं जाईल तिथं माणसं हसवतो. तिशीतच त्याचं टक्कल पडलंय. दारातच त्यानं पोरीचं टोपरं वर केलं आणि म्हणाला, “आता समजलं माह्ये केस कुठी गेले!”

रेणुका हसली आणि त्याच क्षणी कळवळून भिंतीला टेकली. टाक्यांत सुरी फिरल्यासारखं झालं होतं.

सासूनं, चांगुणाबाईंनी, तिथल्या तिथं हुकूम सोडला, “अश्वजित, या घरात सव्वा महिना कोनी कोनाले हसवाचं नाई.”

बिचारा अश्वजित! मीठ आणा, दिवा लावा, एवढंच बोलायला लागला.

दहाव्या दिवशी पोर रडत होती. रेणुकानं तिला मांडीवर घेतलं आणि सवयीनं अंगाई सुरू केली. अर्धी ओळ झाली आणि दम तुटला. पुन्हा धरली, पुन्हा तुटली. ओटीपोटात काहीतरी ओढल्यासारखं होई आणि सूर हवेत विरून जाई. तिचे डोळे भरून आले.

“काऊन रडून राह्यली व? टाके दुखतेत काय?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“आत्याबाई, माहा आवाज गेला.”

“आवाज कुठी जाते? गळा तं चांगला हाये तुहा.”

“मी गळ्यातून नाई गात. पोटातून गाते.”

चांगुणाबाईंनी पोरीला आपल्या मांडीवर घेतलं. त्यांची चार बाळंतपणं घरातच झाली, आणि बाराव्या दिवशी त्या कापूस वेचायला गेल्या होत्या. कापलेलं पोट कसं भरून येतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. जे ठाऊक होतं ते त्या जीव लावून करत होत्या. डिंक, खारीक, खोबऱ्याचे लाडू वळत, सुनेला पलंगावरून हलू देत नसत आणि पाणी घोट-घोटच देत.

गावातली आशा सेविका पुष्पाबाई बाळंतिणीला बघायला आली. ताप नव्हता, टाके कोरडे होते. पण रेणुकाचं तोंड सुकलेलं पाहून ती चांगुणाबाईंकडे वळली.

“लाडू चारा, मस्त चारा. पण संगं वरण, भाजी, अंडी बी द्या. पाणी पोटभर पिऊ द्या, नाईतं दूध कशातून येईन? आन् तिले चालू द्या. हळूहळू, पण रोज. उचलाचं फक्त लेकरू, त्याच्यापेक्षा जड काईच नाई.”

“आमच्या टायमाले...” चांगुणाबाई सुरू झाल्या.

“तुमच्या टायमाले पोट कापलं नव्हतं, काकू,” पुष्पाबाई हसून म्हणाली. मग रेणुकाला समजावलं, “वरची शिवण सुकली तं वाटते, झालं. आतली अजून जुळून राह्यली. तिले घाई नको करू. शिंक-खोकला आला की उशी धर पोटाले. सध्या नुसता लंबा श्वास घ्याचा. गाणं मंग.”

चांगुणाबाई दिवसभर घुश्शात होत्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाण्यानं भरलेला तांब्या सुनेसमोर ठेवला, पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि म्हणाल्या, “चाल.”

पहिल्या दिवशी फाटकापर्यंत. आठवड्यानं हातपंपापर्यंत. महिना उलटला तेव्हा दोघी विहाराच्या पायरीला हात लावून परत येऊ लागल्या. चांगुणाबाईंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे त्या प्रत्येक ओट्यावर बसत. एकदा शेजारणीनं विचारलंच, “बाळंतपण कोनाचं झालं व? सुनेचं का सासूचं?”

रेणुका खळखळून हसली. सवयीनं हात पोटावर गेला, पण कळ आली नाही. जराशी ओढ, बस. त्या संध्याकाळी बंदी उठली. अश्वजितनं महिनाभर साठवलेले सगळे विनोद जेवताना एका दमात सांगून टाकले. निम्म्यांना कोणी हसलं नाही, तरी तो खूश होता.

दीड महिन्याच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता गा. रेणुका रोज दुपारी बसू लागली. अर्धी ओळ, पाऊण ओळ, मग पूर्ण. मधेच कधी पोर झोपू द्यायची नाही, अंगात त्राण नसायचं, आणि सूर पुन्हा अर्ध्यावर यायचा. त्या दिवशी ती सरळ झोपून घ्यायची. पाळणा हलवणाऱ्या चांगुणाबाई सूर किती टिकला ते बोटांवर मोजत. “कालच्याहून आज दोन बोटं लंबा गेला,” त्या सांगत.

बुद्धपौर्णिमेला विहाराच्या अंगणात मंडळ बसलं, पांढऱ्या साड्या नेसून. पहिलं गाणं छान झालं. दुसऱ्याच्या शेवटच्या कडव्यात एक उंच, लांब ओळ आहे. रेणुकानं ती उचलली, आणि मधेच तिचा श्वास संपला.

क्षणभर नुसती ढोलकी वाजली. मग ऐकणाऱ्यांच्या पहिल्या रांगेतून उरलेली ओळ आली, खणखणीत आणि बेसूर. खांद्यावर झोपलेली नात घेऊन चांगुणाबाई गात होत्या! पाळणा हलवता हलवता त्यांना सगळी गाणी पाठ झाली होती, आणि याचा पत्ता त्यांनाही नव्हता. बायका चकित झाल्या, आणि मग अख्खं अंगण गाऊ लागलं. तेवढ्यात रेणुकानं पोट भरून श्वास घेतला. पुढची ओळ तिनं अशी उचलली की सगळ्यांच्या वर गेली. आणि ती शेवटपर्यंत तुटली नाही.

कार्यक्रम संपल्यावर चांगुणाबाई पदरानं तोंड लपवत होत्या. “मले वाटलं, तू थकली.”

“थकलीच होती, आत्याबाई. उद्यापासून तुमी मंडळात बसा.”

“मले गाता येते काय?”

“आवाज हाये ना. सूर मी शिकवते.”

गेल्या आठवड्यात मंडळाला मोताळ्याकडच्या एका गावाहून बोलावणं आलं. गाडी पाचला येणार होती. चांगुणाबाई पांढरी साडी नेसून, नातीची झबली पिशवीत भरून चार वाजताच ओट्यावर तयार होत्या.