अप्पांची नक्षी आणि चोरीचं औषध

माझ्या वडिलांना एका विलायती औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं मारलं, असं मी आजही म्हणतो. लोक म्हणतात, क्षयानं गेले. म्हणू देत.

अप्पा सोलापुरात चादरी विणायचे. एकदा त्यांनी महिनाभर डोकं शिणवून मोराची नवी नक्षी बसवली, आणि पंधरा दिवसांत शेजारच्या कारखान्यातून तीच बाहेर पडली. तेव्हापासून नक्कल म्हटलं की त्यांचं टाळकं फिरायचं. नक्कल करणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा ते घेत नसत.

त्यांना क्षय झाला तेव्हा मी औषधाच्या दुकानात कामाला होतो. गुण येणाऱ्या कॅप्सूल विलायती कंपनीच्या, आणि किंमत अशी की आमच्यासारख्यांनी काचेतूनच बघाव्यात. पण तोवर आपल्या सरकारनं कायदा बदलला होता. आता मक्ता, म्हणजे पेटंट, औषधावर नव्हता, फक्त ते बनवायच्या रीतीवर होता. वेगळ्या रीतीनं तेच औषध इथल्या एका कंपनीनं काढलं. कितीतरी स्वस्त. मला वाटलं, अप्पा वाचले.

पण अप्पा दुकानात बसलेले असतानाच तो प्रतिनिधी आला. टाय लावून, गोड हसत मालकांना सांगू लागला की हा नवा माल चोरीचा आहे, आमची नक्कल करून हे लोक पोट भरतात. अप्पांनी शब्द न् शब्द ऐकला.

घरी मी स्वस्त कॅप्सूलची बाटली पुढं ठेवली, कायदा समजावला. त्यांनी ती हातानं बाजूला सारली.

"नक्षी तीच, माग दुसरा. मग ही चोरी न्हाय तर काय?"

चादरीवाचून माणूस मरत नाही, औषधावाचून मरतो, एवढं साधं बोलणंही तेव्हा मला जमलं नाही. आईनं विनवलं, डॉक्टर ओरडले, मी तर भांडलो. अप्पा महागाची विलायती कॅप्सूलच उसनवारीनं आणून, पुरवून पुरवून, एक दिवसाआड घेत राहिले. अशानं रोग बळावतो, डॉक्टरांनी बजावलं होतं. तो बळावलाच.

दिवसकार्य उरकून मी कामावर गेलो, तर तोच प्रतिनिधी नव्या वर्षाची कॅलेंडरं वाटत होता. मी विचारलं, त्या स्वस्त औषधानं माणूस बरा होतो की नाही?

"होतो की," तो बॅग आवरत म्हणाला. "औषध तेच आहे हो. पण आमचा माल खपायला नको का?"

मालकांनी त्याच्यासाठी चहा सांगायला सांगितला, आणि मी मुकाट्यानं जाऊन सांगून आलो.