वर्तुळवाल्या बाई

विषाणुशास्त्र विभागात त्यांना समोर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘वर्तुळवाल्या बाई’. त्यात टिंगल फारशी नव्हती. चौदा वर्षांपूर्वी, पीएच.डी. झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक गोष्ट पाहिली होती. विषाणूची लागण झालेल्या पेशीत एक प्रथिन केंद्रकाभोवती गोळा झालं होतं आणि रंग दिल्यावर तिथे हिरवं, रेखीव वर्तुळ उमटत होतं. शेजारच्या निरोगी पेशींत तेच प्रथिन इथे-तिथे विखुरलेलं. त्या चित्रावर शोधनिबंध झाला, शोधनिबंधावर नोकरी मिळाली आणि नोकरीबरोबर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची लॅब. चित्र एका पाठ्यपुस्तकातही गेलं, जरा फिकं छापलं गेलं, पण गेलं.

बाईंची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. लॅबमध्ये त्या पेनाला हात लावत नसत. तिथे दर पाच मिनिटांनी हात आणि टेबल स्पिरिटने पुसायचं असतं, आणि स्पिरिट शाई खातं. त्यामुळे फ्लास्कवरच्या चिकटपट्टीपासून वहीपर्यंत सगळं पेन्सिलीने. कानामागे पेन्सिल खोचलेली बघून विभागाचा शिपाई एकदा म्हणाला होता, “मॅडम, टेबल-खुर्ची बनवून द्याल का?” बाई म्हणाल्या होत्या, “मापं आण.”

प्रोफेसरपदाची मुलाखत तीन आठवड्यांवर आली असताना त्यांची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या पीएच.डी.चा विषय याच वर्तुळाची पुढची पायरी होता.

“मॅडम, वर्तुळ येत नाहीये.”

“कितव्यांदा?”

“पाचव्यांदा. माझ्या हातालाच यश नाही बहुतेक.”

“हाताला यश स्वयंपाकात लागतं. इथे लक्ष लागतं. विषाणू जिवंत आहे ना?”

“पेशी मरतायत मॅडम, व्यवस्थित मरतायत. फक्त वर्तुळ न करता मरतायत.”

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. कसं करायचं ते एकदा नीट दाखवावं म्हणून त्यांनी कपाटातून चौदा वर्षांपूर्वीची वही काढली. पानं फुगली होती, पेन्सिलीचं अक्षर मात्र जसंच्या तसं. त्या वाचत गेल्या आणि एका ओळीशी थांबल्या. मग मागची चार पानं पाहिली, पुढची सहा पाहिली.

“तू जा,” त्या म्हणाल्या. “मी बोलावते.”

लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी फ्लास्क भरला की थोड्या थोड्या नव्या फ्लास्कमध्ये घालाव्या लागतात. अशा प्रत्येक बदलाला एक पिढी धरतात आणि तिचा आकडा लिहून ठेवतात. वहीत निरोगी पेशींपुढे आकडा होता अकरा. लागण केलेल्या पेशींपुढे चौतीस. प्रत्येक प्रयोगात थोड्याफार फरकाने तेच.

यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. उलट शिस्त होती. बाईंच्या मार्गदर्शक सरांचा नियमच होता, ‘तुलनेच्या पेशी ताज्या हव्यात’. म्हणून निरोगी पेशी दर वेळी गोठवलेल्या साठ्यातून नव्याने काढल्या जात. विषाणू मात्र जुन्या पेशींत जोमाने वाढे, म्हणून त्याच्यासाठी महिनोन्‌महिने चालत आलेला फ्लास्क वापरत. सगळी लॅब हा नियम पाळत होती. विद्यार्थिनीला तो ठाऊक नव्हता, म्हणून तिने दोन्हीकडे ताज्या पेशी घेतल्या. म्हणजे वर्तुळ विषाणूमुळे होतं की पेशींच्या वयामुळे, हे चौदा वर्षांत कुणी तपासलंच नव्हतं.

घरी बाई थोरल्या बहिणीबरोबर राहत. ताईचं शिवणकाम होतं, पुढच्या खोलीत दोन मशीन. बाईंनी घडलेलं सांगितलं तेव्हा ताई एका झग्याची शिवण उसवत होती. तिने मान वर केली नाही.

“म्हणजे कोरं कापड घडीतच ठेवलंस, दहा वर्षं वापरलेलं साबणात घातलंस, आणि म्हणालीस की रंग साबणाने गेला.”

“साधारण तसंच.”

“आणि लोकांनी ते छापलं?”

“पाठ्यपुस्तकात.”

“बरंय बाई तुमचं. आमच्याकडे गिऱ्हाईक त्याच दिवशी परत येतं.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी सरांना फोन केला. सर निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. मागे नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता.

“ताज्या पेशी घ्या, हे मीच शिकवलंय तुला,” सर म्हणाले.

“हो सर. म्हणूनच विचारते. जुन्या पेशी, विषाणू न घालता, आपण कधी पाहिल्या होत्या का?”

नळ बंद झाला. “नाही पाहिल्या. हे बघ, चौदा वर्षं कुणी विचारलं नाही. मुलाखत कधी आहे?”

“वीस तारखेला.”

“मग एकवीसला विचार.”

सल्ला प्रेमाचा होता आणि बाईंना तो पटण्याजोगाही वाटला. दोन दिवस त्यांनी तो पाळला. तिसऱ्या दिवशी विद्यार्थिनीने हाताची पद्धत सुधारते म्हणून सहाव्यांदा तोच प्रयोग लावलेला त्यांनी पाहिला. बाईंनी तिच्या हातातून फ्लास्क काढून घेतला.

“राहू दे. चूक तुझी नाहीये.”

सरांच्या लॅबमधून निघताना आणलेल्या काही कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीतल्या तळच्या डब्यात गोठवलेल्या होत्या. त्यावर सरांच्याच अक्षरात आकडा होता, एकतीस. बाईंनी त्या काढल्या, दहा दिवसांत चौतिसाव्या पिढीपर्यंत आणल्या आणि कित्येक वर्षांनी स्वतःच्या हाताने सगळा प्रयोग केला. चार फ्लास्क: ताज्या आणि जुन्या, विषाणू घालून आणि न घालता. अठरा तारखेला दुपारी त्या सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. जुन्या पेशींत वर्तुळ होतं, विषाणू असो वा नसो. ताज्या पेशींत कुठेच नव्हतं. वर्तुळ पूर्वीइतकंच रेखीव दिसत होतं.

ज्या नियतकालिकात निबंध छापला होता, त्यांना पाठवायचं, निबंध मागे घेण्याचं पत्र अर्ध्या पानात झालं. सरांचं नाव निबंधावर होतं, म्हणून आधी त्यांना वाचून दाखवलं. सर म्हणाले, “दुसऱ्या ओळीत ‘आमच्या चुकीमुळे’ लिही. ‘माझ्या’ नको.” मग फोन ठेवला.

मुलाखतीत अध्यक्षांनी ठरलेला प्रश्न विचारला, “आपलं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं समजता?”

“जे समजत होते ते परवा मागे घेतलं,” बाई म्हणाल्या, आणि दोन्ही आकडे सांगितले.

थोडा वेळ कागद चाळल्याचे आवाज झाले. “तुम्ही सांगितलं नसतं तर हे आमच्यापर्यंत इतक्यात आलं नसतं,” एक सदस्य म्हणाले.

“प्रश्न आपण विचारलात.”

पद वनस्पतींच्या विषाणूंवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला मिळालं. तो खोलीत येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, हवापाण्याविषयी बोलला आणि गेला. माणूस चांगला होता. पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतून चित्र निघालं. टोपणनाव मात्र राहिलं, आता त्यात थोडी टिंगल आली.

विद्यार्थिनीने पत्राची प्रत वाचली आणि विचारलं, “मग माझ्या पीएच.डी.चं काय?”

“दीड वर्ष गेलं तुझं. ते मी भरून देऊ शकत नाही. जुन्या पेशी वर्तुळ का करतात, हे कुणालाच माहीत नाही. करशील?”

मुलगी लगेच हो म्हणाली नाही. आठवडाभर घरी जाऊन आली. परत आल्यावर पहिल्या दिवशी तिने इनक्युबेटर उघडला. बाई शेजारी बसून दोन फ्लास्कवरच्या चिकटपट्ट्यांवर पेन्सिलीने लिहीत होत्या.

“मॅडम, पिढी कितवी?”

“तेरावी.”

“दोन्हीची?”

बाईंनी दोन्ही फ्लास्क तिच्याकडे फिरवले. तिने वाकून दोन्ही आकडे वाचले, मगच वहीत लिहिले.