मुंगीचे तीन दिवस आणि माझा झाडू

झाडू हातात आला की माझं डोकं चालायचं थांबतं, हे मी आधीच सांगून टाकतो. बत्तीस वर्षं दवाखान्यात सफाईचा मुकादम होतो. वॉर्डात फरशीवर सुतळीचा तुकडा दिसला तरी मी सफाईच्या कागदावर सही करत नसे. मोठमोठे डॉक्टर बूट पुसून आत यायचे, ते जंतूंच्या नाही, माझ्या भीतीने. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण हात अजून शिवशिवतात. पुढे जे घडलं त्यात दोष कोणाचा, हे एवढ्यावरून कळलं असेलच.

गोष्ट मात्र माझ्या धाकट्या बहिणीची आहे. तिला मी लहानपणापासून मुंगी म्हणतो. एका जागी बसलेली ती मी फक्त फोटोत पाहिली आहे, आणि त्यातही ती उठायच्या बेतात दिसते. गावाबाहेर तिची दोन एकर भाजीची शेती आहे. आठ वर्षांपूर्वी घेतली तेव्हा जमीन डांबरी रस्त्यासारखी होती. पाणी ओतलं की वरच्या वर पळून जायचं. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं, त्यात मी सर्वांच्या पुढे होतो. तिने नांगर घातला नाही, औषध मारलं नाही. कुठून कुठून वाळका पाला आणि पेंढा आणून मातीवर पसरत राहिली. चाकांवरचं खुराडं करून घेतलं आणि कोंबड्यांना रोज थोडं पुढे सरकवत राहिली. आता त्या मातीत बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत सहज जातं, आणि बऱ्याचदा एखादं गांडूळ भेटायला येतं. तिचा नियम एकच, जमीन उघडी ठेवायची नाही. बुधवारी बाजारात तिच्या टेबलापुढे रांग लागते. मी काही काम नसताना तिथे उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की मी हिचा मोठा भाऊ.

एवढं सगळं जमलं, पण शेत सोडून चार पावलं जाणं तिला जमत नव्हतं. मेहुणे लिफ्ट दुरुस्त करतात. संध्याकाळी हत्यारांची पेटी बंद केली की त्यांचा दिवस संपतो. मुंगीचा दिवस संपतो तेव्हा ती ताटावर डुलक्या घेत असते. लेक दहा वर्षांची. तिच्यासाठी तीनदा सहल ठरली. पहिल्यांदा बसस्टँडवरूनच माघारी आले, कारण अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला लागली होती. दुसऱ्यांदा अर्ध्या वाटेत पंपाचा पाइप फुटल्याचा निरोप आला. तिसऱ्यांदा पोहोचले, पण दुपारी गरम वारा सुटला आणि मुंगीला रोपं आठवली. संध्याकाळच्या आत गाशा गुंडाळला. तेव्हापासून माझी भाची कुठेही गेली तरी बॅग रिकामी करत नाही. लागेल तेवढं वरच्यावर काढते आणि परत आत ठेवते. रडत नाही, हट्ट करत नाही. मला विचाराल तर तेच जास्त वाईट.

यंदा ती शाळेच्या तलावात पोहायला शिकली. पालकांना दाखवायचा दिवस होता, तेव्हा मुंगी कोबीची रोपं लावत होती. पोर काही बोलली नाही. मेहुणे बोलले, आणि ते वर्षातून एकदाच बोलतात. एका मोठ्या तळ्याकाठी त्यांनी शुक्रवार ते रविवार खोली घेतली आणि शेत कोण बघणार असा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, ऐंशी खाटांचा दवाखाना बघितलाय, भाजी काय चीज आहे.

मुंगीने फ्रिजवर दोन कागद चिकटवले. कोंबड्यांना दाणा, खुराडं सकाळी त्याच्या लांबीएवढं पुढे, लहान रोपांना ऊन चढायच्या आत पाणी. सगळ्यात खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं, "बाकी काही करायचं नाही." मला वाटलं, बिचारी भिडेपोटी लिहितेय. मोठ्या भावाला काम सांगायचं कसं, म्हणून.

शनिवारी सकाळी कागदावरची कामं साडेसातला संपली. मी चहा घेऊन पायरीवर बसलो आणि शेताकडे मुकादमाच्या नजरेने पाहिलं. सगळीकडे कचरा. वाफ्यांवर कुजका पेंढा, रोपांच्या मधे तीन पानांचं बुटकं गवत माजलेलं. मनात आलं, मुंगीला बिचारीला वेळ कुठे मिळतो, आपण जरा हात फिरवू, परत आल्यावर थक्क होईल. कोपऱ्यात खराटा होताच.

अकरापर्यंत मी पाच वाफे लख्ख केले. पेंढा ओढून एका बाजूला ढीग घातला, मधलं हिरवं मुळासकट उपटलं, माती झाडून सारखी केली. टोमॅटोची रोपं वॉर्डातल्या खाटांसारखी एका ओळीत उभी दिसायला लागली. मी फोटोसुद्धा काढला. मग जेवलो आणि समाधानाने पडलो.

तीन वाजता बाहेर आलो तेव्हा माझ्या पाच वाफ्यांमधल्या रोपांनी माना टाकल्या होत्या. शेजारचे कचऱ्याचे वाफे मात्र ताठ उभे. झाडलेल्या मातीवर हात ठेवला तर तवा, आणि बारीक भेगा पडायला लागलेल्या. शेजारच्या पेंढ्याखाली हात घातला तर माती गार आणि ओली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी कचरा काढला नव्हता, भर उन्हात पांघरूण काढलं होतं.

चार वाजता मुंगीचा फोन यायचा होता. सगळं छान आहे म्हणणं अगदी सोपं होतं. सांगितलं तर ती पुढची बस पकडणार, आणि पोरीची चौथी सहल माझ्या खराट्याने झाडून टाकल्यासारखी होणार. नाही सांगितलं तर रोपं जाणार, कारण पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. फोन वाजला तेव्हाही माझं ठरलं नव्हतं. तिने आधी तिथलंच सांगितलं, की वारा फार आहे, लाटा आहेत, पोर आज काठाकाठानेच डुंबली, पण उद्या सकाळी पार लाकडी धक्क्यापर्यंत पोहून दाखवणार आहे. तिचा आवाज इतका निवांत होता की मला माझीच लाज वाटली. मी सगळं सांगून टाकलं.

"पेंढा कुठे आहे?" तिने विचारलं.

"ढिगात. टाकला नाही."

"आणि मधलं हिरवं? मुळासकट काढलंस?"

"मी अर्धवट काम करत नाही," मी म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

ते बुटकं हिरवं तिनेच पेरलं होतं, मातीला सावली आणि खाऊ म्हणून. तिने ओरडून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तिने एकेक पायरी नीट सांगितली, की पाणी सावकाश दे, ते उपटलेलं हिरवंच वर पसर, त्यावर पेंढा जाड घाल, रोपांच्या खोडाला मात्र चिकटवू नको. मग म्हणाली, खुर्ची घे आणि बस.

मी विचारलं, "तू निघतेस ना?"

"रविवारी येतोय, ठरलंय तसं." आणि वर म्हणाली, "जमीन सावरेल, दादा. एवढ्यासाठीच तर आठ वर्षं घातली तिच्यात."

मी अंधार पडेपर्यंत पेंढा पसरला. गुडघ्यांवर बसून, हाताने. रविवारी उठलो तेव्हा बरीच रोपं मान वर करून होती. चौदा गेली. परत आल्यावर मुंगीने ती मोजली नाहीत, मीच मोजली होती. ती वाफ्यांवरून हात फिरवत एक चक्कर मारून आली, गेलेल्या जागी काय लावायचं ते मेहुण्यांना सांगितलं आणि मला म्हणाली, पुढच्या वर्षी चार दिवस जाणार आहोत, तूच ये, फक्त खराटा मी बरोबर घेऊन जाईन.

भाची धक्क्यापर्यंत गेली आणि परतही आली, हे मला तीनदा सांगून झालं. पण माझ्या मनात घर करून बसलं ते दुसरंच, आणि ते तिने सहज बोलताना सांगितलं. शनिवारी माझ्याशी फोन चालू असताना तिने आईचा चेहरा पाहिला. काही न विचारता उठली आणि दोरीवरचा ओला पोहण्याचा पोशाख काढून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायला लागली. नाहीतर बॅग भिजते, असं मला समजावून सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"आईने फोन ठेवला आणि पिशवी माझ्या हातातून घेतली. पोशाख पिळला, परत दोरीवर टाकला, दोन चिमटे लावले. मग आत जाऊन माझी बॅग पलंगावर उपडी केली आणि सगळे कपडे कपाटात लावले." तिने माझ्याकडे पाहिलं. "सगळे, मामा. मोजेसुद्धा."