टॉवेलाखाली ठरलेला तळमजला

मंडळी, भुताखेतावर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याला भक्कम कारण होतं. शाळेत असताना आमच्या खुटबावकडच्या लोकांनी जी काही भुतं ऐकली, त्यातली निम्मी मीच होतो. उसातनं बाई रडायची... मी. पंपाच्या खोलीमागं म्हातारं खोकायचं... तेबी मीच. आता स्वतःच्याच घरचा धंदा म्हटल्यावर दुसऱ्याच्या मालावर कोण विश्वास ठेवंल?

नाव सागर, पण गावात साग्या. नकला करतो. सरपंचाची करतो, एसटीच्या कंडक्टरची करतो, आमच्या गणिताच्या मास्तरांची तर अशी करतो की मागच्या बाकावरची पोरं आजही उभी राहतील. एकाच माणसाचा आवाज मला कधी जमला नाही — नानांचा. नाना म्हणजे आमच्या भावकीतले थोरले, सगळ्यांचं एक तोंड. बोलायच्या आधी घशातनं एक "हंऽऽ" काढायचे, विहिरीत दगड टाकल्यावर खालनं येतो तसा. मी आरशापुढं घसा बसवून घेतला, पण छे. नानांनाच एकदा करून दाखवला तर म्हणाले, "गड्या, ह्यो आवाज माझा न्हाई. दुसऱ्या कुठल्यातरी म्हाताऱ्याला दिऊन टाक."

आता जागा सांगतो. पुणे-सोलापूर हायवे, यवतच्या जवळ, रस्त्याला लागूनच आमच्या भावकीचा झेंडू आणि शेवंती असायची. मधोमध गुऱ्हाळ. आता तिथं दोन टॉवर उभे आहेत. तळाला दुकानांचे गाळे, त्यावर ऑफिसं, त्यावर फ्लॅट आणि एका टॉवरच्या डोक्यावर हॉटेल. लांबनं बघितलं तर वाटतं उसात कुणीतरी दोन फ्रिज उभे करून ठेवलेत.

बिल्डर म्हणजे जगूशेठ. भीमेपलीकडचे, शिरूर तालुक्यातले. गाडी एवढी लांब की पुढची चाकं यवतला आली तरी मागची अजून नदीवर असतील असं आप्पा म्हणायचे. आप्पा म्हणजे माझे चुलते. सगळ्यांना वाटलं शेठ जमिनी विकत घेणार, आपण बुलेट घेणार, संपला विषय. पण नाना आडवे पडले. म्हणाले, "इकायचं न्हाई. जमीन आपली, बांधकाम त्यांचं, टावर दोघांचा. इकली तर आपलीच पोरं त्याच टावरच्या गेटवर शिट्टी वाजवत बसतीन." नाना म्हणाले म्हणजे झालं. वरचे मजले कुणाचे कुठले ते कागदावर व्यवस्थित आलं. राहिला तळमजला. आणि तिथंच आमच्या माणसांनी एक चूक केली, जी फक्त आमचीच माणसं करू शकतात.

त्याचं असं आहे की जगूशेठचे वडील बैलांचे दलाल. बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांचे हात एका टॉवेलाखाली जातात आणि बोटं धरून भाव ठरतो. बघणाऱ्याला नुसता टॉवेल हललेला दिसतो. आत काय झालं ते त्या दोघांनाच माहीत, आणि नंतर कुणी कुणाला विचारायचं नाही अशी रीत. नाना म्हणाले, "शेठ, तळमजल्याचं तुमच्या वडलांच्या रीतीनं करू." शेठपण खूश झाले, त्यांचं सगळं लहानपण त्याच बाजारात गेलेलं. गुऱ्हाळापाशी, रस काढायच्या चरकाशेजारी, दोघांनी टॉवेलाखाली हात घातले. आधीच ठरलं होतं — दोन बोटं म्हणजे आम्हाला फक्त मागच्या बाजूचे गाळे, आणि अख्खा पंजा म्हणजे अख्खा तळमजला आमचा. टॉवेल बराच वेळ हलला. मग नानांनी हात काढला आणि आम्हाला म्हणाले, "तळ आपला." कागदावर काय लिहिलं? "तळमजला परस्परांत ठरल्याप्रमाणे." बास. वकील सांगत होता सविस्तर लिहा. तर आमची माणसं म्हणाली, हातात हात दिल्यावर लिहायचं म्हंजी त्या हाताचा अपमान.

टॉवरचा सातवा स्लॅब भरून झाला आणि नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

पुढं दोन्ही टॉवर झाले. मला तिथं एक काम मिळालं, आयुष्यातलं पहिलं इज्जतीचं. लिफ्टमधली बाई इंग्लिशमध्ये बोलायची, त्यामुळं गावातली म्हातारी माणसं आत शिरली की घाबरून तिलाच नमस्कार करायची. म्हणून ठरलं, मराठी आवाज टाकू, साग्याचा टाकू. मी आधी तिसरा मजला सरपंचांच्या आवाजात केला, पाचवा कंडक्टरच्या... "चला पुढं सरका, पाचवा मजला." नापास झालं. मग साध्या आवाजात सगळं पुन्हा केलं. "तळमजला. दरवाजा उघडत आहे." एवढंच. हे लक्षात ठेवा, कारण पुढं माझ्यावर आळ आलाय तो ह्याच्यावरनंच.

गाळेवाटपाचा दिवस. सकाळची वेळ, लख्ख ऊन. वरच्या हॉटेलच्या हॉलमध्ये शेठनी सगळ्या भावकीला बोलावलेलं. जिलेबी, ढोकळा, एसी इतका गार की आमची काकी पदर डोक्यावर घेऊन बसली. आणि शेठनी नकाशा काढला. हायवेकडचे सगळे गाळे त्यांचे, मागचे आमचे.

आप्पा शांतपणे म्हणाले, "शेठ, नकाशा उलटा धरलाय का?"

"न्हाई आप्पा. नानांशी असंच ठरलंय."

"कवा?"

"टावेलाखाली. दोन बोटांवर सौदा ठरला."

"नाना आमाला म्हणले, तळ आपला."

"मागचा तळबी तळच हाय की," शेठ हसत म्हणाले. "गेलेल्या माणसाबद्दल मी कशाला वंगाळ बोलू. पोरांचं मन मोडू नये म्हणून बोलले असतील."

आता मागची बाजू म्हणजे काय ते सांगतो. पार्किंग, जनरेटर आणि कचऱ्याची गाडी. हायवेवरनं जाणाऱ्या माणसाला ती दिसायचीच नाही. जमीन टॉवरखाली गेलेली, फुलं आता थोड्याच रानात, आणि सगळ्या घरांनी पुढच्या गाळ्यांच्या भरवशावर दिवस काढलेले. माझी आई तर कोपऱ्यातल्या गाळ्यासमोर रोज उभी राहून यायची, हार कुठं लटकवायचे ते ठरवायची.

ती उठली. "मागं कोण येणार ओ भाऊ फुलं घ्यायला? गाडी लावायला आलेला माणूस गजरा मागतो व्हय?"

शेठचा वकील मधे पडला. "ताई, मान्य नसेल तर कोर्टाचा मार्ग खुला आहे. मात्र तोवर गाळे बंद राहतील. तुमचेही."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. का बघितलं कुणास ठाऊक, मी काय वकील आहे? नानांच्या मागं थोरल्याच्या खुर्चीवर ते बसले होते आणि ती त्यांना मोठी होत होती, एवढं मात्र दिसत होतं.

शेठ म्हणाले, "चला, खाली जाऊन गाळेच दावतो. मागचेबी लय भारी हायेत. बघा आन् सही करा."

लिफ्टमध्ये आम्ही पाचजण. शेठ, वकील, आप्पा, आई आणि मी. आणि मंडळी, माझ्या तोंडात त्यावेळी अख्खी जिलेबी होती. म्हटलं गाळे तर जाणारच आहेत, जिलेबी तरी कशाला सोडा. आई माझ्याकडं अशी बघत होती की ती जिलेबी मला गिळता येईना आणि थुंकताही येईना.

लिफ्ट खाली आली. थांबली. आता माझा आवाज यायला पाहिजे, "तळमजला." आला नाही. दरवाजापण उघडला नाही. वकिलानं बटण दाबलं. काही नाही.

मग वरच्या स्पीकरमधनं आलं...

"हंऽऽ."

आईनं माझा दंड धरला. मी सांगतो ना, मी आयुष्यभर ज्या आवाजामागं लागलो होतो तो आवाज. एक आणा कमी नाही, एक आणा जास्त नाही.

"शेठ," आवाज म्हणाला. "पंजा धरला व्हता मी. तुम्ही अंगठा वढून घ्याया बघत व्हता. सोडला का मी?"

राग नव्हता त्यात. आपण शेजाऱ्याला विचारतो ना, काय हो, तुमच्याकडं पाऊस झाला का, तसा.

अंगठ्याचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही नुसता टॉवेल बघितलेला. मी शेठकडं बघितलं. उजवा हात छातीशी धरून माणूस भिंतीला टेकलेला, आणि तोंड चुन्यासारखं.

वकील म्हणाला, "हा काय प्रकार आहे? सर, तुम्ही काही बोलू नका."

शेठ बोलले. स्पीकरकडं बघून, अगदी लहान पोरासारखे. "न्हाई सोडला नाना."

"मग?"

"तळ तुमचा."

"समदा?"

"समदा."

आणि माझा आवाज आला, स्वच्छ, हसरा... "तळमजला. दरवाजा उघडत आहे."

दरवाजा उघडला. बाहेर दुसऱ्या लिफ्टनं आलेली सगळी भावकी उभी. शेठ बाहेर आले, वकिलाच्या हातातला नकाशा घेतला, आडवा-उभा फाडला आणि आप्पांना म्हणाले, "दुसरा काढून आणतो. पुढचे, मागचे, सगळे तुमच्या नावानं. कागदावर घ्या आता, हातावर नको." त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सह्या झाल्या. आप्पांनी सही केली आणि पेन खिशाला लावलं.

पुढं काय झालं असेल ते ओळखा. मिरवणूक माझी.

"साग्यानं नानांचा आवाज काढून शेठला खाली बसवला." खांद्यावर घेतलं, गुलाल टाकला, डीजेवाला यवतहून फुकट आला. मी ओरडून सांगतोय, अरे मी नाही, मी काहीच केलं नाही. तर म्हणतात, बघा पोरगं किती नम्र हाय. म्हटलं माझ्या तोंडात जिलेबी होती. तर आमचा चुलतभाऊ म्हणतो, "पोटातनं बोलला असशील. बाहुलीवाले बोलत्यात तसं."

"अरे मग अंगठ्याचं मला काय माहीत?"

"तुक्का लागला."

आईला विचारलं, तू तर माझा दंड धरून उभी होतीस, सांग यांना. आई म्हणाली, "धरला व्हता. पोराचं अंग थरथरत व्हतं." लगेच सगळे म्हणाले, थरथरणारच की, पोटातनं बोलायला जोर लागतो. आता बोला.

शेवटी मी लिफ्टच्या मेकॅनिकला बोलावला, बिहारचा आहे. त्यानं वरचा डबा उघडला, आतलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. सगळे मजले वाजवून दाखवले. सगळीकडं मीच. "भैया, इसमें तो बस फ्लोर का नंबर है, और दरवाजा खुलने का. सवाल पूछने वाला कोई फाइल नहीं है." मग मला म्हणाला, "आप ही ने कुछ किया होगा." तोपण.

महिनाभरानं शेठ मला जिन्यात भेटले. अकराव्या मजल्यावर त्यांचं ऑफिस, आणि माणूस सहाव्या मजल्याच्या पायरीवर बसून धापा टाकत होता. म्हटलं, आता सांगूनच टाकावं. बाजूला बसलो.

"शेठ, आईची शपथ घेतो. तो आवाज मी काढला न्हवता."

शेठनी घाम पुसला. "पोरा, काढला असशील, नसशील. लोक म्हणत्यात तू काढला, तर मीबी धरून चालतो तू काढला. मला त्याचं काय न्हाई."

"मग लिफ्टनं का जात न्हाई?"

त्यांनी उजवा हात पुढं केला, अंगठा डाव्या हातानं चोळला आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "आवाज तू काढलास. बरं. मग त्या वक्ताला माझा अंगठा कुणी धरला व्हता?"

ह्याचं उत्तर ज्यांना येत असेल त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा, पण कृपा करून पोटातनं बोलण्याची थिअरी सोडून, ती ऐकून माझं पोट दुखायला लागलंय. मी पुष्कळदा त्या लिफ्टमध्ये एकटा वरखाली केलं. "नाना, एकदा बोला, नुसता सूर तरी द्या" असंही म्हटलं. माझाच आवाज ऐकून ऐकून कंटाळलो.

बाकी मजेत. हायवेकडच्या सगळ्या गाळ्यांवर आमच्या भावकीची नावं आहेत. कोपऱ्यात आईचे हार लटकतात, शनिवारी-रविवारी पुण्याच्या गाड्या रांगेनं उभ्या असतात. वरच्या हॉटेलात रोज सकाळी ताजी फुलं लागतात, तीही आमच्याकडनंच जातात. मग आमच्या काक्या-माम्या डोक्यावर झेंडूच्या पाट्या घेऊन, एकमेकींना ढकलत, हसत लिफ्टमध्ये शिरतात आणि झर्रकन वर जातात. आणि टॉवरचे निम्मे मालक जगूशेठ, उजवा हात खिशात घालून, बाजूच्या जिन्यानं चालत.