खिळ्यावरचं कार्ड
दोन हजार एकोणीस साल. मी बासष्टचा, येरमाळ्याजवळ दूध केंद्रावर राखणदार. राबून अंगठा झिजलेला, दाराचं मशीन त्याचा ठसा घेईना, म्हणून थंड खोलीच्या दारासाठी मला कार्ड मिळालं. ते मी फाटकाजवळ खिळ्याला अडकवायचो. हात ओले असले की सगळेच ते न्यायचे, मॅनेजरसुद्धा. एका दुपारी दार उघडं राहिलं अन् सगळं दूध नासलं. त्या आंबूस वासात मॅनेजरनं सगळ्यांदेखत कंप्युटरवरची नोंद दाखवली, "मामा, दार तुम्हीच उघडलंय." "म्या जेवत व्हतो!" "कंप्युटर खोटं बोलत न्हाय." "मग त्यालाच इचारा, कार्ड कुणाच्या हातात व्हतं!" आजही आंबलेल्या दुधाच्या वासानं माझं डोकं फिरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी पक्कड घेऊन गेलो अन् तो खिळाच उपटला.