त्सिआलाचा मोडका पाय

त्सिआलाला राहण्याचा परवाना मिळाला, त्या दिवशी लामाराने भाजीत दोनदा मीठ घातलं. ती सांभाळत असलेल्या एवान्थिया आजींनी घास तोंडात घेतला, परत काढला आणि विचारलं, "कुणावर राग आहे एवढा?"

राग कसला, शुद्ध जळफळाट होता तो. दोघी कुतायसी शहरातल्या, एकाच बसने परदेशात थेस्सालोनिकीला आलेल्या, दोघी परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळणाऱ्या. आणि आता त्सिआला ईस्टरला घरी जाऊन परत येणार! लामाराचा नातू सहा वर्षांचा झाला, पण तिने त्याला फोनच्या काचेतच पाहिलं होतं. बिनपरवान्याची बाई एकदा गेली की परतीचं दार बंद, आणि घरची चूल तर हिच्याच पगारावर पेटत होती.

वकीलबाईंनी तिला परवान्याच्या वाटा सांगितल्या होत्या. "इथं घर विकत घे."

लामारा नुसती हसली.

"नाहीतर इथल्या माणसाशी लग्न कर."

"नवरा आहे हो मला. निकामी आहे, पण आहे."

"मग सात वर्षं इथंच होतीस याचा पुरावा आण. दरवर्षीचा एक कागद, शिक्क्याचा, तुझ्या नावाचा."

इथंच घोडं पेंड खात होतं. सुरुवातीला लामारा लपण्यात पटाईत होती. पोलीस दिसला की गल्ली बदलायची, दात काढायला गेली तरी शेजारणीचं नाव सांगायची, आणि "आपण नाही बाई कधी सापडलो" म्हणून मिरवायची. पहिल्या वर्षाला पासपोर्टवरचा शिक्का होता. तिसऱ्या वर्षी आजींनी हट्टाने बँकेत खातं उघडायला लावलं, म्हणून पुढचंही निभावलं. दुसरं वर्ष तेवढं कोरं राहिलं.

त्याच वर्षी त्सिआला जिन्यावरून पडली होती. इस्पितळ, ऑपरेशन, पोलिसांची चौकशी, देश सोडण्याची नोटीससुद्धा. तेव्हा लामाराने तिची कीव केली होती. आता त्याच कागदांनी तिचं भलं केलं होतं. आपले धडधाकट पाय पाहून लामाराला स्वतःचीच चीड यायची.

रविवारी ती गावाकडे खोकी नेणाऱ्या बसपाशी गेली. त्सिआला तिथं बाकावर चीजची रोटी वाटत बसली होती.

"बोलत का नाहीस गं?" त्सिआला म्हणाली. "कार्ड मिळालंय मला, खरूज नाही झालेली."

"तुझं काय बाई. पायसुद्धा मुहूर्त बघून मोडलास."

बायका हसल्या. त्सिआला हसली नाही. "सळई अजून पायात आहे. हवी तर तू घे," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "कुठलं वर्ष अडलंय तुझं?"

"तुझ्या पायाचं."

त्सिआलाने पिशवीतून जाडजूड फाईल काढली. "अगं शहाणे, मला चार मजले पाठीवर घेऊन कोण उतरलं होतं?"

लामाराला इस्पितळातल्या खिडकीमागची ती नर्स आठवली. रुग्णाला कोणी आणलं, तिने विचारलं होतं. त्सिआला मरते की काय या भीतीने त्या दिवशी खोटं नाव सुचलंच नव्हतं. फायलीतल्या त्या कागदावर तारीख होती, शिक्का होता, लामाराचा पासपोर्ट नंबर होता, आणि खाली तिचीच सही होती.

लामाराचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी पोटात पुन्हा जळलं. आपलं वर्षसुद्धा हिच्याच फायलीत निघावं!

"यंदाचा ईस्टर तुझा हुकला," त्सिआला रोटीचा तुकडा तिच्या हातात देत म्हणाली. "पुढच्याला एकाच बसने जाऊ."

"जाऊ," लामारा म्हणाली. "पण खिडकी माझी."