पुजलेली गाडी

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी माझ्या आईनं माझं घर पाहिलेलं नव्हतं. माझं माहेर दिघाशी, ते काही विलायतेत नाही, भिवंडीहून तासाभराचा रस्ता. पण आईचे दोन्ही गुडघे गेलेले. एस.टी.ची ती उंच पायरी चढणं तिच्यानं होत नव्हतं आणि बैलगाडीचे हिसके सोसायचं वय राहिलं नव्हतं. म्हणून शहात्तर सालच्या पावसाळ्यात ह्यांनी ठाण्याच्या एका डॉक्टरांची जुनी करड्या रंगाची मोटार घेतली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. आता आई माझ्या घरी येणार होती. हे सरकारी कचेरीत कारकून, मी शाळेत मास्तरीण. बाकी कुठं हिंडायची आम्हाला हौस नव्हती आणि सवडही.

त्या वर्षी दसरा शनिवारी आला. शुक्रवारची एकेक रजा टाकली की सलग तीन दिवस. ठरलं असं, की शुक्रवारी सगळं आवरायचं, शनिवारी पूजा करून आईला आणायचं आणि रविवारी संध्याकाळी पोचवायचं. भावाला तसं पोस्टकार्डही टाकलं.

आता आवरणं म्हणजे काय, ते सांगते. मी पहाटे उठून डबे घासले, माळा झाडला, गाद्या उन्हात टाकल्या, पडदे धुतले. आमच्यासारखं भिवंडीच्या नारपोलीत, यंत्रमागांच्या वस्तीत राहायचं तर जळमटांपेक्षा लूममधून उडून येणाऱ्या सुताच्या तंतूंचाच त्रास फार. बंद कपाटातल्या भांड्यांवरसुद्धा ते बसतात. आणि ह्यांनी काय केलं? गाडी धुतली. एकदा धुतली, मग शेजारी म्हणाले, चाकं राहिली, म्हणून पुन्हा धुतली. नळाला पाणी दीड तास, त्यातल्या सहा बादल्या गाडीला. माझं जुनं मऊ पातळ मला न विचारता फाडलं आणि बॉनेट पुसायला घेतलं. दातांच्या ब्रशनं चाकांच्या खाचा घासल्या. मग जॅक आणि पाने अंगणात मांडून एकेकाला तेल लावत बसले. मी आतून ओरडले, "अहो, माळ्यावरचं पिंप तेवढं खाली घ्या ना!" तर म्हणाले, "माझे हात ग्रीसचे आहेत." दिवसभर ह्यांचे हात ग्रीसचेच होते. पिंप मी एकटीनं उतरवलं.

दसऱ्याच्या सकाळी हे धामणकर नाक्यावरून झेंडूचे हार घेऊन आले. गाडीसमोर पाट मांडला, त्यावर जॅक आणि पाने ठेवले. मी माझी पुस्तकं, विळी आणि पाटा-वरवंटाही तिथंच मांडला. "पूजा तू कर. घरची लक्ष्मी तू," हे म्हणाले. आणि मी मूर्ख, चक्क फुलून गेले! बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ वाढवला, आरती केली. मग ठेवणीतलं पातळ नेसले, पायात चपला घातल्या आणि बाहेर येऊन बघते, तर हे पेपर उघडून खुर्चीत.

"निघायचं ना?"

"आज? आज कसं निघणार? पुजलेलं अवजार त्या दिवशी चालवायचं नसतं. आमच्या घरात पहिल्यापासून पाळतात."

माझ्या माहेरी दसऱ्याला बैलगाडी पुजतात आणि तीच जुंपून सोनं लुटायला जातात. इथं उलटी रीत असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पूजा मी केली होती. माझ्याच हातानं कुंकू लावून मी ती गाडी दारात बांधून ठेवली होती.

"हे काल का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

एरवी लूमच्या खडखडाटात आमचं भांडण आम्हालाच नीट ऐकू यायचं नाही. त्या दिवशी नेमके आजूबाजूचे लूम बंद, तेव्हा ते साऱ्या चाळीनं ऐकलं. ऐकू दे. आणि मी म्हणते, कुंकू विळीलाही लावलं होतं की! पाट्यालाही लावलं होतं. त्यांना कुणी सुट्टी दिली? त्याच विळीवर मी नारळ खवला, त्याच पाट्यावर पुरण वाटलं आणि ह्यांनी पाच पोळ्या खाल्ल्या. पाचवी वाढून घेताना घरची रीत आठवली नाही.

चार वाजता कचेरीतला शिपाई आला. साहेबांच्या मेहुण्यांना कल्याण स्टेशनावर सोडायचं होतं. गाडी मिळेल का? हे ताडकन उठले. आतून एक लिंबू आणून पुढच्या चाकाखाली ठेवलं.

"आता चालते का पुजलेली गाडी?" मी विचारलं.

"लिंबू ठेवलं की चालते. आणि साहेबांना नाही कसं म्हणायचं?"

लिंबं घरात चार होती. सकाळीही होती. माझ्या आईसाठी त्यातलं एक चिरडायला काय हरकत होती, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळी नवीन कारण तयार. कल्याणच्या रस्त्यानं गाडी बरबटली, आज धुवायला हवी, त्यात पुन्हा दिघाशीचा चिखल कशाला. मी पर्स उचलली आणि एस.टी. पकडली.

गावात उतरून घराकडे वळले तर वाट ओळखू येईना. भावानं दारापुढचं काटेरी कुंपण तोडून गाडीपुरती जागा केली होती. गटारावर जाड फळ्या टाकल्या होत्या, अंगण सारवलं होतं. आई ओटीवर नवं लुगडं नेसून बसली होती, शेजारी गाठोडं. काल सकाळपासून अशीच बसलीय, भाऊ म्हणाला. रात्री तेवढी आडवी झाली.

"एकलीच आलीस? गाडी कुठं हाय?" आईनं विचारलं.

खरं ते अगदी ओठांवर आलं होतं. पण भाऊ, भावजय, शेजारणी, सगळी दारात उभी. मी म्हणाले, "बिघडली गं वाटेला लागताना." नवऱ्याची लाज राखायला माझी जीभ बरी तयार होती! ह्यांच्यापेक्षा मला तिचाच राग अजून येतो.

"बिघाडली तं बिघाडली," आई म्हणाली. "जावईबापूंना कय बोलू नको हां. त्यांच्या जिवाला कय कमी लागलं असंल?"

मी खाली बघून तिच्याजवळ बसले. तिनं गाठोडं मागं सारलं आणि माझा हात धरला.

"मंग सांग आता, तुजं घर कसं हाय?"

मी सांगू लागले. आधी एक ओटा, मग बाहेरची खोली, तिथं माझी पुस्तकांची फळी. आत स्वैपाकघर, त्याला मागं एक दार, दारात तुळस. आई डोळे मिटून ऐकत होती. मधेच म्हणाली, "हळू सांग गं." मी हळू सांगितलं.

"उंबरा उंच हाय का?"

"नाही गं. अगदी ठेंगणा आहे. चार बोटं."

आईनं डोळे उघडले नाहीत. आपले गुडघे चोळत म्हणाली, "मंग मना जमला असता."